गाय आली, वैरण मागे राहिली

शंभरेक वर्षांपूर्वी शिरूर तालुक्यातल्या जातेगाव बुद्रुकमध्ये पुण्याच्या शेतकी कॉलेजची माणसे वह्या घेऊन फिरत होती. कोणाच्या नावावर किती जमीन, तिचे किती तुकडे, दावणीला किती बैल, सावकाराचे देणे किती, हे सगळे ती टिपून घेत होती. या पाहणीमागे डॉ. हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी कानिटकर होते. मान मूळचे रसायनशास्त्रज्ञ. चहाच्या मळ्यांवर संशोधन करून १९०७ मध्ये ते पुण्याच्या कॉलेजचे प्राचार्य झाले. आधी त्यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरचा अभ्यास केला, तो १९१७ मध्ये छापला गेला. पुढचे गाव त्यांनी मुद्दाम शहरापासून लांबचे आणि पावसावर जगणारे घेतले. जातेगावचा तो अभ्यास १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यातून निघालेले चित्र कठोर होते. गावातल्या बहुसंख्य कुटुंबांचा खर्च त्यांच्या जमिनीच्या उत्पन्नातून भागत नव्हता.

जातेगावला जे लागू होते, तेच शिरूर आणि दौंडच्या जवळपास सगळ्या कोरडवाहू गावांना लागू होते. सह्याद्रीच्या पावसाने मावळ भिजतो आणि पूर्वेकडे येईपर्यंत ढग रिकामे होतात. वर्षाकाठी साधारण ५०० मिलिमीटर पाऊस, तोही भरवशाचा नाही. अशा मुलखात शेतकऱ्याचे खरे भांडवल म्हणजे बैल. बैल जगतो कडब्यावर आणि कडबा मिळतो ज्वारीपासून. म्हणजे ज्या ताटाच्या कणसावर घर जेवते, त्याच ताटाच्या धांड्यावर गोठा जेवतो. पाऊस हुकला की भाकरी आणि वैरण दोन्ही एकाच दिवशी जातात. माणसाला दुष्काळी कामावर खडी फोडून मजुरी मिळत असे, पण बैलासाठी असे काम कोणी काढत नव्हते. तो मातीमोल किमतीला बाजारात जाई, नाहीतर दावणीलाच मरे. पुढच्या मृगाला पेरणीसाठी बैल नाही म्हणून पुन्हा सावकाराकडे जावे लागे. भीमथडी तालुक्यातल्या सुप्यात १२ मे १८७५ रोजी सावकारांच्या वह्या जळाल्या आणि तो वणवा शिरूरच्या गावांत पोचला. त्यामागे जी कर्जे होती, त्यांत बैलजोडीचा वाटा मोठा असणार.

या मुलखाला पूर्वी एक आधार होता, तो गवताचा. आजच्या दौंडचा भाग तेव्हाच्या भीमथडी तालुक्यात होता आणि भीमथडीची तट्टे मराठ्यांच्या घोडदळात नावाजलेली होती. घोडी पोसायची तर राखीव कुरणे लागतात. शिरूर तालुक्यातले आलेगाव आजही आलेगाव पागा म्हणून ओळखले जाते. शिवाय प्रत्येक गावाला गायरान होते. दसरा-दिवाळीनंतर कोकणाकडे उतरणारे धनगरांचे कळप याच माळांवरून जात. वाटेत शेतकरी त्यांच्या मेंढ्या शेतात बसवून घेत आणि लेंडीखताच्या बदल्यात धान्य देत. मेंढीला माळाचे गवत, शेताला खत आणि धनगराला ज्वारी, असा तो पक्का व्यवहार होता.

१८७८ च्या वन कायद्याने हा व्यवहार खिळखिळा केला. झाड नसलेले माळसुद्धा जंगल खात्याच्या ताब्यात गेले, चराईवर फी आली, कोंडवाडे भरू लागले. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये लिहून पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये या गायरानांबद्दलचा संताप स्पष्ट आहे. ते तक्रार करून थांबले नाहीत. त्यांनी सरकारपुढे दोन मागण्या एकत्र मांडल्या. खात्याने घेतलेली गायराने गावांना परत द्यावीत आणि परमुलखातून शेळ्यामेंढ्यांचे उत्तम बेणे आणून इथल्या हवेला मानवेल अशी त्यांची अवलाद वाढवावी. जात सुधारायची तर तिच्या पोटाची सोय त्याच वेळी व्हायला हवी, हे त्यांना विद्यापीठांच्या कितीतरी आधी कळले होते. पुढच्या सव्वाशे-दीडशे वर्षांत दुसरी मागणी मोठ्या प्रमाणावर पुरी झाली, मेंढीच्या बाबतीत नाही तरी गायीच्या बाबतीत नक्कीच. पहिली मात्र तशीच राहिली. शिरूर-दौंडमधल्या चारा संशोधनाची कहाणी या दोन मागण्यांच्या ताटातुटीची आहे.

गवताचा शास्त्रीय अभ्यास झालाच नाही असे नव्हे. पुण्याच्या शेतकी कॉलेजात विल्यम बर्न्स हे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. एल. बी. कुलकर्णी आणि एस. आर. गोडबोले यांच्याबरोबर त्यांनी १९२० आणि १९३० च्या दशकांत पश्चिम भारतातल्या गवताळ माळांवर चिकाटीने काम केले. माळाचा तुकडा चराईपासून राखला तर तिथे आधी कोणते गवत येते, नंतर कोणते, आणि हा क्रम कशाने मोडतो, हा त्यांचा प्रश्न होता. १९३१ मध्ये त्यांचा निबंध इंग्लंडच्या पर्यावरणशास्त्राच्या नियतकालिकात छापला गेला.

शास्त्रज्ञ ज्याची नोंद करत होते, ते गुराख्याला पायाखालच्या अनुभवाने ठाऊक होते. अति चरलेल्या माळावर कुसळी माजते. तिची कुसळे मेंढीच्या लोकरीत आणि कातडीत घुसतात आणि ती पिकली की जनावर तिला तोंड लावत नाही. तोच माळ काही पावसाळे राखला की हळूहळू पवन्या, शेडा, मारवेल अशी गोडी असलेली गवते परततात. मारवेलीचे पेर जमिनीला टेकले की तिथेच मुळी धरते. गाय हे गवत मुळापर्यंत कुरतडते आणि पाऊस पडला की ते पुन्हा फुटते. पुढे १९७३ मध्ये दबडघाव आणि शंकरनारायण यांनी देशभरातल्या गवताळ प्रदेशांचे पाच प्रकार पाडले. दख्खनच्या पठाराचा प्रकार त्यांनी शेडा आणि मारवेल यांच्याच प्रजातींच्या नावाने नोंदवला. या माळांचे मूळ वैभव कोणते, हे त्यावरून ठरले.

बर्न्स पुढे मुंबई इलाख्याचे शेती संचालक झाले आणि नंतर दिल्लीला गेले. कानिटकरांनी कोरडवाहू शेतीचे संशोधन मांजरी आणि सोलापूरला उभे केले. राखलेल्या माळाचा धडा मात्र छापील पानांतून गायरानापर्यंत आला नाही. याचे कारण सरळ आहे. बियाण्याची पिशवी एका शेतकऱ्याला देता येते. माळ राखायचा तर अख्ख्या गावाचे एकमत लागते आणि ते घडवून आणण्याचे काम कोणत्याच खात्याचे नव्हते.

मार्च १९४६ मध्ये गांधीजी पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या उरुळी कांचनला आले. त्यांनी तिथे निसर्गोपचाराचा आश्रम सुरू केला आणि सुरत जिल्ह्यातल्या कोसमाडा गावचा पंचविशीतला एक तरुण, मणिभाई देसाई, तो सांभाळायला मागे राहिला. उरुळी हवेली तालुक्यात, पण तिथून पूर्वेला निघाले की लगेच यवत लागते आणि दौंड तालुका सुरू होतो. मणिभाईंनी तिथेच आयुष्य काढायचे ठरवले आणि ते तसेच काढले. आश्रमाच्या गोशाळेत त्यांनी गीर गायींचा कळप वाढवला. गोसेवा ही त्यांच्या लेखी गायीच्या दुधाचा, खाण्याचा आणि वेताचा हिशेब ठेवण्यापासून सुरू होत होती.

१९६७ मध्ये त्यांनी ‘बायफ’ ही संस्था स्थापन केली. गांधींच्या या अनुयायाने मग होल्स्टिन आणि जर्सी वळू आणले, त्यांच्या रेतनाची सोय शेतकऱ्याच्या दारात नेली आणि गावठी गायीच्या पोटी संकरित कालवड जन्माला घातली. त्यावर टीका पुष्कळ झाली. पण अल्पभूधारकाच्या हातात रोज पैसा येण्याचा दुसरा मार्ग त्यांना दिसत नव्हता आणि या हिशेबात ते चुकले नाहीत. दूध घालून दर दहा दिवसांनी येणाऱ्या पगारावर शिरूर-दौंडमधल्या हजारो घरांतली मुले शिकली. मणिभाईंना १९८२ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

संकरित गायीबरोबर नवा प्रश्न आला. दोन-तीन लिटर दूध देणारी गावठी गाय माळावर चरून आणि सांजेला कडब्याच्या दोन-चार पेंढ्या खाऊन भागवत असे. दहा-पंधरा लिटरची गाय तेवढ्यावर उभी राहत नाही. कडब्यात प्रथिने जेमतेम तीन-चार टक्के असतात. त्याने पोट भरते, कास भरत नाही. त्यातच ज्वारी बदलत होती. १९६४ मध्ये आलेल्या पहिल्या संकरित ज्वारीने कणसाचे वजन वाढवले आणि ताटाची उंची कमी केली. शेतकरी ज्वारीचे वाण धान्य आणि कडबा असे दोन्ही बघून निवडतो. म्हणून तर सोलापूरकडच्या मोहोळला निवडलेली मालदांडी रब्बीत एवढी वर्षे टिकून राहिली. धान्याच्या संशोधकांना ताटाची उंची अडचण वाटत होती. गोठ्याच्या दृष्टीने ती उंची म्हणजेच वैरण होती. नंतर १९७२ चा दुष्काळ आला आणि वैरणीविना दावण कशी रिकामी होते, हे नव्या पिढीनेही पाहिले.

याच वर्षांत उरुळीत एक झाड आले, सुबाभूळ. ते मूळचे मेक्सिकोचे. हवाई विद्यापीठातले प्राध्यापक जेम्स ब्रूबेकर यांनी त्याच्या उंच वाढणाऱ्या जातींचा शोध घेतला होता आणि त्यातली के-८ नावाने ओळखली जाणारी जात बायफने १९७० च्या दशकात इथे लावली. कोरड्या जमिनीत मुळे खोल जातात, छाटले की पुन्हा फुटते, हवेतला नत्र मुळांतल्या गाठींत साठवते, लाकूड जळणाला होते आणि पाल्यात २० टक्क्यांहून अधिक प्रथिने असतात. उन्हाळ्यात बांधावर हिरवे काही दिसत नसताना हे झाड पाला देत होते. पंचायत समितीपासून शाळेच्या वृक्षारोपणापर्यंत सगळीकडे त्याची रोपे गेली.

पण या पाल्यात मिमोसिन नावाचे एक विषारी द्रव्य असते. घोड्याने तो खाल्ला की आयाळ आणि शेपटीचे केस गळतात. ऑस्ट्रेलियात भरपूर सुबाभूळ चरणारी गुरे खंगत, लाळ गाळत, त्यांची गळ्याची गाठ सुजे. तिथले शास्त्रज्ञ रेमंड जोन्स हवाईत गेले तेव्हा त्यांना दिसले की तिथल्या शेळ्या हाच पाला पोटभर खाऊन धडधाकट आहेत. झाड तेच होते, म्हणजे फरक शेळीच्या पोटात होता.

रवंथ करणाऱ्या जनावराच्या चार कप्प्यांपैकी पहिला, कोटीपोट, म्हणजे आंबवण्याचे मोठे भांडे असते. गाय स्वतः गवत पचवत नाही. तिच्या कोटीपोटातले अब्जावधी सूक्ष्मजीव ते आंबवतात आणि गाय त्यांच्या उत्पादनावर जगते. मिमोसिनपासून तिथे दुसरे एक द्रव्य तयार होते आणि तेच गळ्याच्या ग्रंथीला मारक ठरते. हवाईच्या शेळ्यांच्या पोटात हे द्रव्य मोडून टाकणारे जीवाणू होते, ऑस्ट्रेलियाच्या गुरांत नव्हते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जोन्स यांनी हवाईच्या शेळीच्या कोटीपोटातले जीवाणू ऑस्ट्रेलियातल्या जनावरांत सोडले आणि तीही सुबाभूळ पचवू लागली. पुढे या जीवाणूच्या नावात जोन्स यांचे नाव गुंफले गेले. जनावर काय खाते याइतकेच त्याच्या पोटात कोण राहते याला महत्त्व आहे, हे या शोधाने जगाला पटवले.

आपल्याकडे त्यातून व्यवहारी सल्ला तयार झाला. एकूण चाऱ्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त सुबाभूळ घालू नका, गाभण जनावराला जपून द्या, घोड्यापासून लांब ठेवा. त्यानंतर १९८८ च्या सुमारास सुबाभळीच्या शेंड्यांवरचा एक रसशोषक किडा आशियाभर पसरत भारतात पोचला आणि कोवळी पालवी करपली. झाड मेले नाही, त्याच्याबद्दलचा भरवसा मात्र कमी झाला. छाटणी थांबली तिथे शेंगा तडकून बी सांडले आणि पुण्याच्या टेकड्यांवर आज सुबाभळीचे रान माजलेले दिसते. यात झाडाचा दोष कमी आणि उत्साहाचा जास्त होता. एका झाडाने चाऱ्याचा प्रश्न सुटेल ही आशाच चुकीची होती. बांधावर, छाटून, मोजून वापरणाऱ्यांना सुबाभूळ आजही उपयोगी पडते.

दरम्यान १९६८ मध्ये राहुरीला कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. पुण्याचे जुने शेतकी कॉलेजही त्याच्याकडे आले. राहुरीत गीर, होल्स्टिन आणि जर्सी यांच्या संकरातून ‘फुले त्रिवेणी’ ही गाय तयार झाली. चारा पिकांच्या अखिल भारतीय प्रकल्पात राहुरी आणि उरुळी या दोन्ही ठिकाणी काम झाले. राहुरीचे यशवंत आणि जयवंत हे संकरित नेपियर, आफ्रिकन टॉल मका, बहुवर्षीय लसूणघासाचा आरएल-८८ वाण आणि उरुळीचे बायफ-१० गवत, ही नावे आज दूध डेअरीच्या पायरीवर बसलेला कोणीही शेतकरी सांगेल. चार पाण्याच्या सऱ्या असतील तर अर्ध्या एकरातल्या नेपियरवर दोन-तीन गायींचा हिरवा चारा निघतो. विद्यापीठीय संशोधन गोठ्यात इतके थेट पोचल्याची उदाहरणे फार नाहीत.

या सगळ्या वाणांना पाणी लागते. मुठा कालवा दौंडच्या जिराईत गावांतून गेला, शिरूरमध्ये चिंचणीला घोड धरण झाले, पुढे चासकमानचे पाणी आले. पाण्यामागून ऊस आला, पाटसला आणि न्हावऱ्याला साखर कारखाने उभे राहिले. उसाबरोबर वाढ्याची, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांची, वैरण आली. गळीत हंगामात वाढे मुबलक आणि स्वस्त मिळते. पण त्यात प्रथिने कमी आणि ऑक्झलेट जास्त असते, ते जनावराच्या शरीरातले कॅल्शियम बांधून टाकते. महिनोन्महिने नुसत्या वाढ्यावर ठेवलेली दुभती गाय व्याल्यावर आडवी पडते, उलटते, गाभ धरत नाही. चुन्याची निवळी द्या, क्षारमिश्रण द्या, थोडा घास मिसळा, हा सल्ला पशुवैद्यक आजही देतात.

जिराईत भागासाठीही एक चांगला प्रयत्न झाला. १९८० च्या दशकात नेदरलँड्सच्या मदतीने पिकांच्या निकृष्ट अवशेषांवर देशभर संशोधन झाले आणि बायफने त्यात भाग घेतला. १०० किलो काडाला ४ किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडायचा, थर दाबून प्लॅस्टिकखाली तीन आठवडे बंद ठेवायचे. काड मऊ होते, पचते आणि त्यातली प्रथिने वाढतात. शास्त्र निर्दोष होते, तरी शेतकऱ्यांनी ते फारसे उचलले नाही. युरियाला पैसे लागत, पाणी तर उन्हाळ्यात नसेच आणि दोन गायींच्या मालकिणीला त्यासाठी वेळ नव्हता. गोठ्यातले बहुतेक काम बाई करते, हे संशोधनाच्या आराखड्यात उशिरा शिरले.

मुरघास मात्र रुजला. चीक भरलेला हिरवा मका कापायचा, कुट्टी यंत्रातून बारीक करायचा, पिशवीत किंवा खड्ड्यात पायाने, नाहीतर ट्रॅक्टरने तुडवून हवा काढायची आणि दीड-दोन महिने झाकून ठेवायचे. चांगल्या मुरघासाची पिशवी उघडली की पिवळसर हिरवी कुट्टी दिसते आणि आंबट-गोड वास येतो. काळी पडली किंवा कुबट वास आला तर हवा शिरली असे समजायचे, ती जनावराला घालायची नाही. पावसाळ्यातला चारा मे महिन्यात वापरता येतो, ही त्याची मोठी सोय आहे. आता मुरघासाच्या पिशव्या विकतही मिळतात. पण तो विकत घेणारा शेतकरी दुधाचा दर पडला की आधी अडचणीत येतो, कारण दुधाच्या उत्पादन खर्चात सर्वांत मोठा भाग खाद्याचा असतो.

मग माळाचे काय झाले? सरकारी दप्तरात तो ‘पडीक’ म्हणून नोंदवला गेला. सामाजिक वनीकरणाने त्यावर चर खणून झाडे लावली, अतिक्रमणे झाली, औद्योगिक वसाहती आल्या. उरलेल्या गवतावर लांडगे, चिंकारा आणि मेंढ्यांचे कळप अजून तग धरून आहेत. २०२३ मध्ये वन विभागाने शेजारच्या बारामती आणि इंदापूर तालुक्यांत, शिर्सुफळ आणि कडबनवाडी इथे, गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली. माळ ओसाड नसतो, हे सरकारने निदान पर्यटनाच्या निमित्ताने मान्य केले.

चारा संशोधनाचा शतकभराचा हिशेब मांडला तर बागायतदाराच्या गोठ्याला त्याने भरपूर दिले, हे मान्य करावेच लागेल. कोरडवाहू शेतकरी, शेळीवाली आणि धनगर यांना त्यातले फार थोडे मिळाले. माळासाठी काही तयारच नाही अशी सबब आता सांगता येणार नाही, कारण राहुरीने मारवेलीचे सुधारित वाणही दिले आहेत. एकदा ठोंबे लावली आणि दोन पावसाळे चराई थांबवली की हे गवत गायरानावर पसरू शकते. शिरूर आणि दौंडच्या ग्रामसभांनी गायरानाचा एखादा तुकडा तरी आळीपाळीने राखायचा ठराव करावा. विद्यापीठाने आपल्या शास्त्रज्ञांना त्या तुकड्यावर पाठवावे आणि कोणत्या कळपाने कधी चरायचे हे मेंढपाळांना बरोबर घेऊन ठरवावे. फुल्यांच्या नावाच्या विद्यापीठाकडून फुल्यांची पहिली मागणी अजून येणे आहे.